पायथ्याचं पाणी

सरजाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती वाहत्या पाण्यात पाय सोडून बसली होती. एप्रिलचा महिना होता. राणीसावरगावच्या पुढं, बालाघाटाच्या माळावर, बोरदरा नावाच्या गावातल्या शाळेवर माझी नुकतीच बदली झाली होती. गंगाखेडहून तिथं पोचेपर्यंत वाटेत दिसलेला प्रत्येक ओढा म्हणजे नुसता गोट्यांचा पट्टा होता. त्यामुळं पटनोंदणीसाठी तळ्याखालच्या वस्तीत उतरताना कानावर पाण्याचा आवाज आला, तेव्हा मला आधी वाटलं, कुठंतरी पाइप फुटलाय.

बोरदऱ्याला पाणीपुरवठ्याचं धरण आहे. मातीचं, आजूबाजूच्या चार-दोन गावांची तहान भागवणारं. सरकारदरबारी ते धरण. गावात त्याला तळं म्हणतात आणि त्याच्या बांधाला पाळू. शाळा तळ्याच्या एका कडेला टेकडीवर आहे, आणि पाळूच्या खाली, ओढ्याच्या काठानं, चाळीसेक घरांची वस्ती. वस्तीतून वर पाहिलं तर पाणी दिसतच नाही. दिसते ती गवतानं भरलेली उंच उतरण आणि तिच्यावर आभाळ. त्या उतरणीच्या अगदी पायथ्याशी दगडांनी बांधलेली एक लहानशी डोणी होती. गवतातून बोटाएवढी धार निघून डोणीत पडत होती, आणि काठावर साठीच्या आसपासची एक उंच, सावळी बाई बसली होती.

"नवे गुरुजी का?" ती म्हणाली. "बसा. पाय सोडा पान्यात, लय गार हाय."

मी नवा माणूस, संकोचानं उभाच राहिलो. विचारलं, "हे पाणी येतं कुठून?"

"पाळूच्या पोटातून," ती म्हणाली. मग जणू मी विचारलंच होतं अशा सुरात म्हणाली, "माव्हं हाय हे."

तिचं म्हणजे काय, ते मला हळूहळू कळत गेलं. काही तिनं सांगितलं, काही वस्तीतल्या लोकांनी, आणि शेवटचं तर मी डोळ्यांनी पाहिलं.

सरजाबाई मूळची गंगेकाठची. आमच्या भागात गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, ती गंगाच. सोनपेठच्या अंगाला नदीच्या एका वळणावर तिचं माहेर. दिवाळीनंतर तिथं नदी उथळ व्हायची, गोट्यांवरून खळखळ वाहायची, आणि मोकळ्या पडलेल्या वाळूत लोक टरबुजाच्या, काकडीच्या वाड्या धरायचे. बौद्ध घरांचा पाणवठा खालच्या अंगाला. वरच्या पाणवठ्यावर धुतलेलं, विसळलेलं सगळं त्यांच्याकडं यायचं. "पन गंगा कुनाचं काय ठिवती का?" सरजाबाई म्हणायची. "चार हात पुढं आली की पुन्हा नितळ." पोरीच्या जातीला काम सुटत नव्हतं, पण काम पाण्याजवळ होतं. भांडी घासताना, धुणं आपटताना, रात्री अंगणात पडल्यावरसुद्धा तो आवाज कानात असायचा. तो आवाज म्हणजे आपल्या घराचाच एक भाग आहे असं तिला वाटे. घर सुटलं तेव्हा तो वेगळा असल्याचं कळलं.

लग्न होऊन ती बोरदऱ्यात आली तेव्हा तळं नव्हतं. माळावरच्या गावाला एक विहीर होती, आणि तिच्यावर सरजाबाईचा पोहरा चालत नव्हता. घागरी मांडून बाजूला उभं राहायचं. वरच्या आळीतल्या एखाद्या बाईच्या मनात आलं की ती उंचावरून ओतायची. कधी लगेच, कधी दुपार टळल्यावर. पाण्यासाठी असं उभं राहायची तिला सवयच नव्हती. पहिल्या वर्षात ती दोनदा माहेरी पळून गेली, आणि दोन्ही वेळा तिचा नवरा आश्रुबा तिला आणायला गेला. त्यानं आरडाओरडा केला नाही, तिच्या बापाजवळ गाऱ्हाणं घातलं नाही. दुसऱ्या खेपेला तो नदीवर गेला, ती कपडे धूत होती तिथं जवळच्या खडकावर बराच वेळ बसून राहिला, आणि शेवटी म्हणाला, "मला हे न्हाई देता येनार. पन चल."

ती गेली. पुन्हा पळाली नाही.

पुढं रोजगार हमीवर तळ्याचं काम निघालं. आश्रुबा कुदळीवर, सरजाबाई टोपल्यावर, आणि त्यांचा लहानगा धम्मदीप बाभळीला बांधलेल्या झोळीत. मातीचं धरण कसं होतं ते तिनं डोक्यावरून वाहून पाहिलं. मधोमध काळी चिकण माती, कारण ती पाणी अडवते. तिच्या दोन्ही अंगांना मुरूम, कारण तो वजन धरतो. थरावर थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. पाण्याच्या बाजूनं लाटांनी माती खाऊ नये म्हणून दगडांची पिचिंग. एका टोकाला दगडी सांडवा, म्हणजे तळं भरलं की जादा पाणी पाळूवरून न जाता तिकडून निघून जावं. काम संपलं, तळं भरलं, आणि कामावरच्या बिनजमिनीच्या लोकांनी खालच्या मोकळ्या जागेत झोपड्या घातल्या. तीच आजची वस्ती. जागा सरकारची, पण त्या वेळी कुणी उठा म्हणालं नाही, आणि नंतर पत्र्याची, विटांची घरं झाली.

तळं भरल्यावर एक-दोन वर्षांनी पायथ्याशी गवत ओलं दिसायला लागलं. मग एके दिवशी तिथून धार सुटली. सरजाबाई शेळीमागं गेली होती. तिला पाणी दिसायच्या आधी ऐकू आलं. ती तिथंच खाली बसली, आणि शेळी कुणाच्या तरी तुरीत गेली, असं आश्रुबा हसत हसत लोकांना सांगायचा. त्यानंच पिचिंगचे उरलेले दगड एकेक करून आणले, डोणी बांधली, आणि वरून धार पडेल अशी पन्हळ बसवली. "म्हनला, आता गंगंला जायची गरज न्हाई," सरजाबाई सांगायची. सांगताना तिचा हात आपोआप पाण्यात जायचा.

त्या पाण्यावर कुणाची परवानगी लागत नव्हती. वस्तीतल्या सगळ्या बाया तिथं भरायच्या, धुवायच्या. पण पहाटेची वेळ सरजाबाईची, हे न बोलता ठरलेलं होतं. धम्मदीप मोठा झाला, लग्न झालं, दर वर्षी दिवाळीनंतर बायकोला घेऊन ऊसतोडीला जायला लागला. घरी दोघंच उरायचे. आश्रुबाला पक्षाघात झाला आणि एक अंग गेलं, तेव्हा सरजाबाई त्याला खांद्याचा आधार देऊन रोज संध्याकाळी पायथ्याशी आणायची. निकामी पाय पाण्यात ठेवला की त्याला काही तरी कळतं, असं तो म्हणायचा. खरं होतं की नाही कुणास ठाऊक. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळीही दोघं तिथं बसली होती.

तो गेल्यावर भाऊ तिला माहेरी घेऊन गेला. म्हातारी झालीस, आता राहा इथंच, म्हणाला. पण मधल्या काळात खाली बंधारा झाला होता. नदी काठोकाठ भरलेली, रुंद, गप्प. भावाचा ऊस त्या पाण्यावर उभा होता आणि तो खुशीत होता. सरजाबाईलाही त्याचं बरं वाटलं. पण गोटे पाण्याखाली गेले होते, टरबुजाची वाळू गेली होती. ती रोज काठावर जाऊन बसायची आणि तिला काहीच ऐकू यायचं नाही. आठवडाभरात ती परत आली. मला एवढंच म्हणाली, "तितं बी पानीच हाय, गुरुजी. पन उभं हाय."

मी शाळेवर आलो त्याला दोन वर्षं झाली असतील, तेव्हा पावसाळ्याआधीच्या तपासणीला एक नवी अभियंता आली. ज्ञानेश्वरी तिचं नाव, परभणीची पोर, तिशीतली. आधीची तपासणी जीपमधून उतरून पाळूवर एक फेरी मारून होत असे. ही उन्हात संपूर्ण पाळू चालली. कुठं झुडपं वाढलीत, कुठं घुशींनी बिळं केलीत, पिचिंगचा दगड कुठं खचलाय, सगळं वाकून पाहिलं. वस्तीची माहिती हवी म्हणून तिनं मला सोबत घेतलं होतं. आम्ही पायथ्याशी उतरलो तेव्हा सरजाबाई भांडी घासत होती.

ज्ञानेश्वरीनं काचेची बाटली काढली, धारेखाली भरली आणि उन्हात धरून निरखत राहिली.

"नितळ आहे," ती म्हणाली.

"नितळच असतंय. प्या की."

ती खरंच प्यायली. मग डोणीच्या काठावर टेकली आणि म्हणाली, "मावशी, मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच. ते असं स्वच्छ येतंय तोवर ठीक. पण गढूळ यायला लागलं, तर समजायचं की पाणी एकटं येत नाही, पोटातली माती घेऊन येतंय. मग आत पोकळी पडते. ती पडली की धरण टिकत नाही."

सरजाबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "म्हंजी फुटतंय?"

"फुटू शकतं."

मग तिनं धरणांची वर्गवारी सांगितली. मलाही त्या दिवशीच कळलं की ती एका प्रकारची नसते. धरण किती उंच, किती पाणी साठवतं, यावरून एक वर्ग. त्याला या वेळी काय दुखणं आहे, त्यावरून दुसरा: एकदम गंभीर ते पहिल्या गटात, लवकर दुरुस्ती हवी ते दुसऱ्यात, किरकोळ ते तिसऱ्यात. आणि तिसरी गोष्ट वेगळीच. दुर्दैवानं ते फुटलंच तर खाली काय आहे? माळ असेल तर धोका कमी. माणसं असतील तर धरण कितीही धडधाकट असो, त्याला जास्त धोक्याच्या वर्गात टाकतात.

"हे तळं बांधलं तेव्हा खाली कुणी नव्हतं," ती म्हणाली. "आता आहे. म्हणून याचा वर्ग वरचा."

सरजाबाईनं वस्तीकडं पाहिलं. "म्हंजी आमी हाव म्हनून ते धोक्याचं झालं?"

"तुम्ही आहात म्हणून त्याला जास्त जपायचं, असं म्हणा."

"आन् आमी तरी कुटं जावं? आमीच बांधलंय ते."

सरजाबाईकडं फोन नव्हता, म्हणून ज्ञानेश्वरीनं आपला नंबर मला दिला. "मावशी, पाणी बदललं तर सरांना सांगायचं. लगेच. वाट बघत बसायचं नाही."

"सांगितलं तर काय करताल?"

"दुरुस्ती."

"मंग हे राहील का?" सरजाबाईनं डोणीकडं बोट केलं.

दुसरं कुणी असतं तर हो म्हणून मोकळं झालं असतं. ज्ञानेश्वरी म्हणाली, "असं नाही राहणार."

त्या वर्षी सप्टेंबरात पाऊस थांबेचना. सोयाबीन शेतात कुजलं, राणीसावरगावची एसटी बंद झाली, तळं काठोकाठ भरलं आणि सांडवा दिवसरात्र गर्जत राहिला. वस्तीतल्या लोकांना त्या आवाजाची भीती नव्हती. सांडवा वाहतोय म्हणजे तळं नीट आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं.

त्याच दिवसांतल्या एका सकाळी सरजाबाई पायथ्याला गेली. भर पावसाळ्यात धार मनगटाएवढी व्हायची. त्या दिवशी दंडाएवढी होती, आणि रंग ताकासारखा. तिला वाटलं, वरून पावसाचं पाणी मिसळत असेल. तिनं डोणी उपसून रिकामी केली आणि भरू दिली. पुन्हा तेच. धार जिथून निघते तिथं गवत बाजूला केलं, तर भोकात बारीक रेती उकळल्यासारखी नाचत होती. भोकाभोवती रेतीचं एक लहानसं वारूळ तयार झालं होतं.

तिला सगळं कळलं. तरी ती उठली नाही. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन तिथंच बसून राहिली. हे तिनं मला फार दिवसांनी सांगितलं. "फोन केला की ते जानार, हे म्हाईत व्हतं मला. जरा बसू द्या म्हनलं."

मग घरी येऊन तिनं धम्मदीपला सांगितलं. धम्मदीप ओट्यावर शेजारच्या भुजंगाबरोबर बसला होता. भुजंग म्हणजे वस्तीतला बोलका माणूस. वस्तीचा कोणताही विषय त्याच्यावाचून पुढं सरकत नसे.

"कुनाला सांगू नका, सरजामाय," तो म्हणाला. "आपुन हाव सरकारच्या जागंवर. ह्या पान्याचं नाव काढलं की तळं ऱ्हाईल बाजूला, आधी आपली घरं उठवतील. एवढी वर्सं झाली, फुटलं का?"

"व्हय आई," धम्मदीप म्हणाला. "आता विटा लावल्यात घराला. कुटं जायचं पोरं घिऊन? पाऊस उघडला की व्हईल नितळ."

"पोरं हाईत म्हनूनच बोलायले."

"तुझं तर पानीच जाईल. तुला तरी पाहिजे का ते?"

तिनं खोळ डोक्यावर घेतली आणि चिखलातून टेकडी चढून शाळेत आली. मी वर्गात होतो. ती दारात उभी राहिली, सगळी भिजलेली.

"त्या बाईला फोन लावा, गुरुजी. पानी बदललं."

ज्ञानेश्वरी पोचली तेव्हा दुपार कलली होती. रस्त्यावर पाणी असल्यानं शेवटचा पट्टा ती पायी आली. तिनं भोकापाशी वाकून पाहिलं, मूठभर रेती हातात घेतली, आणि पाळूच्या आडोशाला जाऊन एकामागून एक फोन लावत सुटली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज शांत होता. "सर, अंधार पडायच्या आत वस्ती शाळेत आणायची. शेळ्यांसकट. कुणालाही मागं ठेवायचं नाही."

अंधाराआधी सगळे वर आले. अंथरुणं, धान्याची पोती, शेळ्या, कोंबड्या, दहावीतल्या एका पोरीची पुस्तकं. भुजंग शेवटी आला. सरजाबाईजवळून जाताना मोठ्यानं म्हणाला, "घालवलं म्हातारीनं घर." तिनं ऐकलं.

पुढचे दोन-तीन दिवस बोरदऱ्यात जे चाललं तसं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. खालच्या गावांना पाणी सोडायची दारं पूर्ण उघडून तळ्याची पातळी उतरवायला घेतली. ट्रॅक्टर चिखलात रुतत होते, म्हणून रेती आणि खडी माणसांनी पाठीवरून वाहिली. त्यात धम्मदीप होता आणि भुजंगही होता. भोक बुजवून टाका, असं भुजंगानं सुचवलं तेव्हा ज्ञानेश्वरी त्याला म्हणाली, "बुजवलं तर पाणी दुसरीकडून फोडून निघेल. त्याला वाट द्यायची. माती तेवढी अडवायची." आधी जाड रेती, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी, सगळ्यांत वर दगड. उलटी गाळणी म्हणतात तिला. पाणी त्यातून वर येतं, माती खालीच राहते.

सरजाबाई शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली असायची. तिथून संपूर्ण तळं दिसतं. ती कायम पाळूच्या खाली राहिलेली. एवढं भरलेलं तळं तिनं बसून असं कधी बघितलंच नव्हतं. मी चहा घेऊन गेलो तेव्हा ती म्हणाली, "केवढं हो हे! आन् मला तर बोटभर बास व्हतं."

तिसऱ्या दिवशी खडीतून वर येणारं पाणी नितळ झालं. ज्ञानेश्वरीनं तीच ती काचेची बाटली उजेडात धरली, बराच वेळ धरली, आणि मग पहिल्यांदाच चिखलात बसकण मारून हसली. त्या संध्याकाळी तिनं व्हरांड्यात सरजाबाईशेजारी बसून भाकरी खाल्ली. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी आत पोरांचा गलका आवरत होतो.

पक्की दुरुस्ती हिवाळ्यात झाली. धम्मदीप तेव्हा ऊसतोडीला गेलेला. पायथ्याच्या संपूर्ण पट्ट्यात खोदून गाळणी घालायची होती, म्हणजे डोणी जाणार होती. ज्या दिवशी जेसीबी यायचा होता त्या दिवशी सरजाबाई सकाळच्या एसटीनं गंगाखेडला गेली आणि शेवटच्या एसटीनं परत आली. बाजाराची पिशवी रिकामीच होती. मला थांब्यावर भेटली. "गर्दी लय व्हती," एवढंच बोलली, आणि वस्तीकडं जायच्या नेहमीच्या वाटेनं न जाता लांबच्या वाटेनं घरी गेली.

आता पायथ्याशी दगडांचा लांबलचक थर आहे. त्याच्याखालून भोकांचा पाइप टाकलाय. सगळा पाझर त्यातून एका सिमेंटच्या कुंडीत येतो, आणि तिथून बंद नळीनं पुढं ओढ्यात जातो. कुंडीत एक पत्रा उभा बसवलाय, त्याच्या वरच्या काठाला व्ही अक्षराची खाच. खाचेतून किती उंच पाणी पडतं त्यावरून पाझर मोजतात. कुंडीला लोखंडी झाकण आहे, झाकणाला कुलूप आणि भोवती जाळी. धरण दुखण्याच्या पहिल्या गटातून तिसऱ्यात आलं. खाली माणसं असल्याचा वर्ग मात्र वरचाच राहिला. तो वस्ती तिथं आहे तोवर राहणार. शाळेच्या छतावर भोंगा बसलाय, वस्तीत टेकडीकडं जायचा बाण रंगवलाय. घरं उठवायचं अजून कुणी काढलं नाही. कधीच काढणार नाहीत असंही कुणी लिहून दिलेलं नाही. भुजंग त्या साली एकदा सरजाबाईच्या दारात शेवग्याच्या शेंगांची पेंडी ठेवून गेला. आत जाऊन बोलायचं त्याला जमलं नाही.

पाणीपुरवठा योजनेतून वस्तीला नळ आले. सरजाबाईच्या दारातही आला. नळ चांगला आहे, ती कुणाजवळ तक्रार करत नाही. पण पहाटे तिला अजून जाग येते, आणि जाग आली की ती पायथ्याकडं जाते. जाळीपाशी उभी राहते. मी एकदा सकाळी फिरायला गेलो असताना ती जाळीला कान लावून उभी होती.

"येतं का ऐकू?" मी विचारलं.

"कदी येतं असं वाटतंय," ती म्हणाली. "कदी वाटतंय, माव्ह्याच कानात हाय ते. ह्यांचा बी आवाज असाच येतो कदी कदी. मागं वळून बगते तर कुनी न्हाई."

पुढच्या मे महिन्यात ज्ञानेश्वरी तपासणीला येणार असल्याचं मला कळलं. मी सरजाबाईला निरोप दिला. त्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसून आली. ज्ञानेश्वरीनं जाळीचं फाटक उघडलं, कुंडीचं कुलूप काढलं आणि झाकण वर केलं. आत अंधारात खाचेतून बोटाएवढी धार पडत होती, आणि कुंडीच्या भिंतींमुळं तिचा आवाज मोठा येत होता. सरजाबाई गुडघ्यांवर बसली. वाकली.

"हात लावू का, म्याडम?"

"लावा. खाचेला नको, पुढं पडतंय तिथं."

तिनं हात धारेखाली धरला. ज्ञानेश्वरीची मोजणी कधीच झाली होती. तरी ती पट्टी हातात घेऊन खाचेकडं बघत राहिली. मीही दुसरीकडं बघत राहिलो. बऱ्याच वेळानं सरजाबाईनं ओला हात तोंडावरून फिरवला आणि विचारलं, "हे वर्सातून कितींदा उघडता?"

"मी दोनदा येते. पावसाळ्याआधी एकदा, आणि पावसाळ्यानंतर दिवाळीच्या सुमाराला."

"मंग मी येत जाईन."

"या ना. मी नसले तरी माझ्या जागी जे येतील त्यांना सांगून ठेवीन."

झाकण बंद झालं. आम्ही तिघं वस्तीकडं उतरलो, आणि सरजाबाईनं दोघांना घरी नेऊन चहा पाजला.

या वर्षी ज्ञानेश्वरीची बदली झाली. दिवाळी जवळ आली आहे. सरजाबाईच्या घरासमोर धम्मदीपच्या ऊसतोडीच्या सामानाची बांधाबांध चालली आहे. त्याची बायको, पोरं, एक बोकड, सगळे ट्रकची वाट बघत आहेत. ते निघाले की घर रिकामं होतं, आणि मग तपासणी येते. सरजाबाई परवा शाळेत आली होती. नवे साहेब कधी येणार ते विचारायला.

"अजून कळलं नाही," मी म्हणालो. "कळलं की सांगतो."

"कुलपाची किल्ली त्यांच्याजवळ आसंल न्हवं?"

असेल म्हणालो. ती व्हरांड्याच्या कडेला थोडा वेळ टेकली, तळ्याकडं पाठ करून, आणि मग लुगड्याचा पदर सावरत टेकडी उतरून गेली.